फौजदार आणि सदतीस नंबरची पिन

माझ्या ताईला कोणी ‘आज छान दिसतेस’ म्हटलं, की ती आधी विचार करते, याला माझ्याकडून काय हवंय? लहानपणी मी बिस्किटाला हातही लावला नाही असं सांगितलं, तर ती माझं तोंड उघडून वास घ्यायची. लग्न ठरत होतं तेव्हा तिने होणाऱ्या नवऱ्याच्या ऑफिसात फोन करून ‘या नावाचा माणूस खरंच तुमच्याकडे कामाला आहे का’ असं विचारलं. फोन नेमका भाऊजींनीच उचलला. “आहे, पण तो फारसं काम करत नाही,” असं ते म्हणाले. एवढं ऐकूनही त्यांनी होकार कसा दिला, हे ताईला आजवर थोडं संशयास्पदच वाटतं.

ऑफिसात तिला ‘फौजदार’ म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्याने ठेवलं त्याला मी चहा पाजला होता. आम्ही दोघं एकाच कंपनीत. आमची कंपनी दवाखान्यात लागणारा एक पंप बनवते. रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडायचं, आणि मध्येच नळी तुंबली तर बझर वाजवून नर्सला बोलवायचं, एवढंच त्याचं काम. ताई त्याच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिते. माझं काम म्हणजे तयार पंपांना छळायचं: नळी पिरगाळायची, वीज काढायची, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. घरी ती मला छळायची, त्या अनुभवावर मला नोकरी मिळाली असं आई म्हणते.

ताईचं नेमकं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो. पंपाच्या पोटात एक चिप असते आणि चिपला चहूबाजूंनी पिना. एकाच पिनेला तीन-चार कामं येतात, पण एका वेळी ती एकच करू शकते. तिच्यावर दिवा लावा, आवाज काढा, नाहीतर दुसऱ्या चिपशी बोला. यंत्राच्या प्रत्येक भागाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बझरचा वेगळा, बॅटरीचा वेगळा, पडद्याचा वेगळा. यंत्र चालू झालं की हे सगळे ड्रायव्हर जागे होतात आणि आपापली पिन मागतात. मागायची कोणाकडे? तर कर्नेलकडे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो पिन मोकळी असली तर मागणाऱ्याच्या नावावर करतो, दुसऱ्याकडे असली तर मागणाऱ्याला हात हलवत परत पाठवतो आणि तशी तक्रारही पडद्यावर लिहितो. कोणत्या भागाने कोणती पिन मागायची, हे बोर्डाच्या, म्हणजे चिप जिच्यावर बसवतात त्या पट्टीच्या, वर्णनाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल ताईची. साहेबांनीही तिच्यात एक स्वल्पविराम टाकायचा म्हटला तर ताई कारण विचारायची.

भाऊजींवर नाही, माझ्यावर तर नाहीच नाही, पण कर्नेलच्या या पहाऱ्यावर मात्र ताईचा डोळे झाकून विश्वास होता. “माणसं खोटं बोलतात,” ती म्हणायची, “कर्नेल बोलत नाही. दोघांनी एक पिन मागितली, तर तो एकाला हाकलतोच.”

अशात आमच्याकडे पाहुणे आले. म्हणजे नोकरीलाच आले, पण आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीतून आले म्हणून सगळे त्यांना ‘पाहुणे’ म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, चष्मा नेहमी कपाळावर, बोलणं अगदी कमी. बॅटरीचा जुना ड्रायव्हर नव्याने लिहायचं काम त्यांना दिलं आणि त्यांची खुर्ची ताईच्या शेजारी लावली. ते अजून कायम झाले नव्हते. साहेबांना पसंत पडले तर राहणार, नाहीतर नाही. आणि त्या वयाच्या माणसाला या धंद्यात दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही, हे त्यांच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईने पहिल्याच दिवशी मला जिन्यात गाठलं. “एवढी मोठी कंपनी सोडून हा माणूस आपल्याकडे का आला?”

“त्यांनी ते ऑफिसच बंद केलं, ताई. सगळ्यांनाच घरी बसवलं.”

“असं तो सांगतो.”

पाहुणे सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. ताई म्हणाली, एकांत लागतो त्याला. मग पाहुणे वेळेवर घरी जाऊ लागले. ताई म्हणाली, सावध झाला. फोन आला की ते उठून बाहेर जायचे, त्यावरही तिचं बारीक लक्ष. शेजारी बोलत बसले असते तर तिने कान देऊन ऐकलं असतं आणि मग ‘सांकेतिक भाषेत बोलतो’ म्हणाली असती. मला हसू यायचं, कारण तोवर हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

मग बझर मुका झाला.

नव्या बोर्डाचे पंप माझ्या टेबलावर आले होते. मी नेहमीसारखी नळी पिरगाळली आणि वाट बघत बसलो. पडद्यावर लाल अक्षरं आली, पण आवाज नाही. यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा नळी पिरगाळली, तर ठणठणीत वाजला. दिवसभर तोच खेळ. बहुतेक वेळा वाजायचा, मधूनच एखाद्या वेळी चालू झाल्यापासून बंद करेपर्यंत मुका. दवाखान्यात हे झालं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. साहेबांनी पंपांची पाठवणी थांबवली आणि ताईला म्हणाले, “आठवड्याभरात कारण हवं. काहीही करून.”

ताईने पंप आपल्या टेबलावर लावला. तिच्याकडे कर्नेलची एक खास खिडकी असते, तिच्यात विचारलं की कोणती पिन कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. बझर सदतीस नंबरच्या पिनेवर. खिडकीत दिसलं: सदतीस, मालक बझर. चोख. तिने दिवसभर यंत्र चालू-बंद केलं. तिच्याकडे बझर एकदाही चुकला नाही.

“माझ्याकडे होत नाही, तुझ्याकडे होतं,” ती म्हणाली. “पिनेचा मालक एकच आहे. कर्नेलने कोणाला परत पाठवल्याची तक्रार नाही. म्हणजे कोणीतरी मागितल्याशिवाय घेतंय.”

हे शक्य असतं, बरं का. एखादा बेशिस्त ड्रायव्हर कर्नेलला न विचारता मागच्या दाराने थेट चिपमध्ये हात घालून पिनेचं काम बदलू शकतो. आमच्या धंद्यात याच्याइतका हलकटपणा दुसरा नाही. आणि नवा ड्रायव्हर एकच होता. बॅटरीचा.

ताईने पाहुण्यांचा कोड वाचायला घेतला. मन लावून वाचला, ओळीवर बोट ठेवून. त्यात मागच्या दाराचं काहीच नव्हतं. मग पुन्हा वाचला.

“सापडलं काही?” मी विचारलं.

“काहीच नाही. इतका स्वच्छ कोड कोणी लिहितं का? लपवलंय त्याने.”

“अगं, नाही सापडलं म्हणजे नसेलच.”

“चोर काय पावती ठेवून जातो?”

यापुढे काय बोलायचं? एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं, की पुरावा नसणं हाच पुरावा होतो. मीही, खरं सांगायचं तर, थोडासा डळमळलो. पाहुणे पाणी प्यायला उठले तरी माझी नजर त्यांच्या मागे जायची. सगळ्या खोलीतच तो संशय पसरला. ते आले की बोलणं थांबायचं. त्यांच्या ते लक्षात येत होतं; ते खुर्ची न वाजवता बसायला शिकले.

आठवडा संपताना साहेबांनी ताईला आणि पाहुण्यांना आत बोलावलं. टेबलावरचा पंप दाखवायला मीही होतो.

ताई सरळ म्हणाली, “सदतीस नंबरची पिन यांचा ड्रायव्हर हलवतोय. न मागता.”

पाहुण्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “मी मागूनच घेतो, ताई. माझ्या वाटची जी असेल ती कर्नेल देतो, तेवढीच घेतो.”

“मग कर्नेल खोटं बोलतो का?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“तुमचा ड्रायव्हर काढला की याच्या पंपातही बझर नीट वाजतो. मी याच्याकडून करवून बघितलं. याचं उत्तर द्या.”

पाहुण्यांनी पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग हळूच म्हणाले, “मला थोडा वेळ द्याल का? मी शोधतो.” पण साहेबांच्या डोक्यावर वरच्या साहेबांची टांगती तलवार होती. आणि ‘दुसऱ्या कंपनीतून आलेला माणूस’ हे शब्द त्या खोलीत कोणी उच्चारले नाहीत, तरी सगळ्यांना ऐकू आले. दुपारनंतर पाहुण्यांनी आपला पेला, एक छोटा टॉवेल आणि चष्म्याची डबी पिशवीत घातली. जाताना ताईला म्हणाले, “येतो.” ताई पडद्याकडे बघत होती.

त्यांचा ड्रायव्हर काढून जुना बॅटरीचा ड्रायव्हर परत बसवला. मी नव्याने छळायला सुरुवात केली. नळी पिरगाळली. वाजला. पुन्हा केली. वाजला. जेवून आल्यावर केली, आणि बझर मुका.

मी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “जाताना काहीतरी करून गेला असणार.”

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी तिच्यावर कधी आवाज चढवत नाही, चढवून उपयोग होत नाही हेही एक कारण आहे. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर चढवला. “त्याचा कोड पंपात नाही! एक अक्षरसुद्धा नाही! तो माणूस घरी बसलाय आणि बझर इथे गप्प आहे. ऊठ. तुझी ती खिडकी घे आणि माझ्या टेबलावर येऊन बघ.”

ती आली. रागाने आली, पण आली. माझ्या पंपांत विक्रीला जाणारं सॉफ्टवेअर असतं, त्यात ती खिडकी नसते, म्हणून तिने आपलं सॉफ्टवेअर घालायला घेतलं. पंप उचलला आणि हातातून एकदम खाली ठेवला.

“यात बॅटरी आहे?”

“असणारच. पंपात बॅटरी नको?”

ताई बॅटरीला आपल्या टेबलावर फिरकू देत नाही. ती कधी फुगेल, कधी पेटेल, सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. तिचा पंप कायम भिंतीतल्या विजेवर. आणि पंपात बॅटरीच नसली की बॅटरीचा ड्रायव्हर काही न मागता झोपून जातो. ज्याच्यावर पाळत ठेवायची तो तिच्या टेबलावर कधी जागा झालाच नव्हता. मीही इतके दिवस ते बघत होतो, पण ‘ताईचं टेबल’ म्हणून विचारलं नाही.

सॉफ्टवेअर चढलं. तिने खिडकी उघडली आणि सदतीस नंबरशी थांबली. मालक बझर. आणि त्याच ओळीत, त्याच्या शेजारी, मालक बॅटरी.

एका पिनेचे दोन मालक. दोघांनी रीतसर मागितली होती आणि कर्नेलने दोघांनाही दिली होती.

ताई खुर्चीत बसली. मग तिने ज्या कोडला आजवर कधी हात लावला नव्हता तो उघडला: खुद्द पिनांचा बंदोबस्त करणारा कोड, चिप बनवणाऱ्यांकडून जसाच्या तसा आलेला. पिन मागायला कर्नेलमध्ये दोन दारं असतात. आवाजासारखं खास काम असेल तर एक दार, नुसतं चालू-बंद बघायचं असेल तर दुसरं. दोन्ही दारांवरच्या पहारेकऱ्यांनी एकमेकांना विचारायचं की नाही, हे त्या चिपच्या कोडमध्ये ठरतं. कडक नियम लावला तर विचारतात. इथे तो लावलेलाच नव्हता. बझर पहिल्या दाराने आला, बॅटरी दुसऱ्या दाराने, आणि पहारेकरी दोघांनाही ‘या बसा’ म्हणाले. जो नंतर आला त्याच्या हुकमात पिन राहिली. यंत्र चालू होताना बहुतेक वेळा बझरच नंतर जागा व्हायचा, म्हणून वाजायचा. एखाद्या वेळी बॅटरी नंतर आली की पिन नुसती ऐकत बसायची आणि बझर मुका.

“पण बॅटरीने सदतीस मागितलीच का?” मी विचारलं.

ताईने आपली फाइल उघडली. नव्या बोर्डाचं वर्णन तिने जुन्या बोर्डाच्या वर्णनावर रचलं होतं: जुनं सगळं तसंच घ्यायचं आणि बदललं तेवढं खाली लिहायचं. जुन्या बोर्डावर सदतीस नंबरची पिन बॅटरीकडे होती, वीज आहे की गेली हे कळायला. नव्या बोर्डावर तिची गरज उरली नाही आणि ती पिन बझरला गेली. ताईने बझरला दिल्याचं लिहिलं. बॅटरीकडून काढून घेतल्याचं लिहायचं राहिलं. तेव्हा बॅटरीचा कोणताही ड्रायव्हर, जुना असो की नवा, जागा झाला की फाइलमध्ये बघणार आणि सदतीस मागणार. पाहुण्यांनी तेच केलं होतं. ताईने जे लिहून ठेवलं होतं, ते मागितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणावं, तर इथे चोरच नव्हता.

“मी त्याचा कोड वाचत बसले,” ती म्हणाली. “माझी फाइल नाही वाचली.”

दोन ओळींची दुरुस्ती होती. तिने ती केली, वर कडक नियमही लावला, आणि उठून साहेबांकडे गेली. दार उघडंच होतं. “चूक माझी आहे,” एवढं मला ऐकू आलं. साहेब म्हणाले, झालं ना आता, पंप पाठवू या. ती म्हणाली, आधी त्यांना परत बोलवा. साहेबांनी हो-ना करत मान डोलवली. फोन मी करतो म्हणाले, तर ताई म्हणाली, “फोन नको. मी जाते.”

मला बरोबर नेलं. पाहुणे एका टायरच्या दुकानाच्या वर राहतात. जिन्यात रबराचा वास. दार त्यांच्या बायकोने उघडलं. पाहुणे जमिनीवर टेबलफॅन उघडून बसले होते. आम्हाला बघून गडबडीने उठले आणि स्क्रू हातातून सांडले.

ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फाइल, बॅटरी, दोन दारं. एकही शब्द स्वतःच्या बाजूने बोलली नाही. पाहुणे मान हलवत ऐकत होते, मध्येच “अच्छा, म्हणजे कडक नियम नव्हता,” असं म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर इतका खुलला की मलाच वाईट वाटलं. त्यांना फक्त उत्तर हवं होतं.

त्यांची बायको मात्र दाराशीच उभी होती. ती ताईला म्हणाली, “हे घरी आले त्या दिवशी काय म्हणाले, सांगू? म्हणाले, ‘ती बाई हुशार आहे, एवढं खात्रीने बोलतेय म्हणजे माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. मला सापडत नाही एवढंच.’ तेव्हापासून तेच. बसल्या बसल्या आपलाच कोड आठवत होते, कुठे चोरी केली ते शोधत होते.”

“जाऊ दे ना,” पाहुणे म्हणाले.

ताई खाली वाकून सांडलेले स्क्रू गोळा करायला लागली.

पुढच्या आठवड्यात पाहुणे परत आले. त्याच खुर्चीवर, ताईच्या शेजारी. साहेबांनी त्यांना कायम केलं, सगळ्यांनी हात मिळवले, कोणीतरी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली. पंप गेले, दवाखान्यांत वाजायला लागले. माझ्या दृष्टीने गोष्ट संपली होती.

मग माझ्या लक्षात आलं. पाहुणे कोणतीही पिन वापरायच्या आधी ताईला विचारू लागले होते. ते एक वेळ ठीक. पण नंतर ते तिचा स्टेपलर घ्यायच्या आधी विचारायला लागले. वाऱ्यासाठी खोलीची खिडकी उघडायच्या आधी. पाण्याची बाटली भरायला जायच्या आधी. फोन वाजला की तो हातात धरून उभे राहायचे, “ताई, जरा बाहेर जाऊन बोलू का?” आणि ती हो म्हणेपर्यंत फोन वाजत राहायचा.

ताईने मला जिन्यात गाठलं. तिचे डोळे लाल होते. “टोमणा मारतोय का रे तो मला? सगळ्यांसमोर?”

मला ‘हो’ म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. टोमणा असता, तर ती त्याच्याशी भांडून मोकळी झाली असती. पण मी त्या माणसाचा चेहरा बघितला होता.

“नाही, ताई,” मी म्हणालो. “खरंच विचारतो तो.”

ती परत जाऊन जागेवर बसली. थोड्या वेळाने पाहुण्यांचा फोन वाजला. ते उठले, तो हातात धरून तिच्याकडे बघत थांबले, आणि माझी ताई, जिने जन्मभर कोणाला विचारल्याशिवाय सोडलं नाही, ती घाईघाईने म्हणाली, “हो, जा ना. जा. मला नका विचारू.”

“बरं,” पाहुणे म्हणाले. “मग जाऊ ना?”